तराजू कोणासाठी? : कारंज्याचा बाजार आणि जवळचे गिऱ्हाईक

साहित्याच्या विद्यार्थ्याला वाशीम भेटते ते बहुधा ‘वत्सगुल्म’ या नावाने. राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त काव्यपुरुष आणि साहित्यविद्यावधू यांचा विवाह लावला तो विदर्भातील याच नगरात. वाकाटकांच्या एका शाखेची ही राजधानी. ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य रचणारा सर्वसेन हा येथलाच राजा. आजच्या वाशीम जिल्ह्यातले दुसरे गाव कारंजा. तेही आपल्याला माहीत असते ते श्रीनृसिंहसरस्वतींचे जन्मस्थान म्हणून, किंवा तेथील जैन ग्रंथभांडारांमुळे. हिरालाल जैन आणि प. ल. वैद्य यांनी १९३०च्या दशकात अपभ्रंश काव्यांच्या ज्या संपादित आवृत्त्या सिद्ध केल्या, त्यांच्यामागे कारंज्याची हस्तलिखिते होती, हे भाषेच्या अभ्यासकांस सांगावयास नको.

या कारंज्याचा उल्लेख आणखी एका ठिकाणी हमखास येतो. ते ठिकाण म्हणजे कृषि-अर्थशास्त्राची पाठ्यपुस्तके. ‘भारतातील पहिली नियंत्रित बाजारपेठ : कारंजा, १८८६’ एवढीच ती नोंद. विद्यार्थी ती परीक्षेपुरती पाठ करतात आणि पुढच्या कायद्याकडे वळतात. आम्हांला मात्र या एका ओळीपाशी थोडे थांबावेसे वाटते. शेतकरी आणि ग्राहक यांना स्थानिक साखळीने जोडावे, मधली अंतरे आणि मधले हात कमी करावेत, असा विचार सध्या सरकारी योजनांपासून स्वयंसेवी संस्थांपर्यंत सर्वत्र मांडला जातो, आणि तो जणू आजच सुचला आहे अशा थाटात मांडला जातो. ज्या जिल्ह्यात देशातील पहिला नियंत्रित बाजार उभा राहिला, त्याच जिल्ह्यात सव्वाशे-दीडशे वर्षांनंतर शेतकऱ्याला ग्राहक शोधून द्यावा लागतो, याचा अर्थ काय? तो बाजार कोणासाठी नियंत्रित केला होता?

उत्तरासाठी थोडे मागे जावे लागते. १८५३च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या स्वाधीन केले, ते ‘हैदराबाद कंटिंजंट’ फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी. वऱ्हाडच्या काळ्या जमिनीतला कापूस त्याआधीही बाहेर जात होताच. बैलांच्या पाठीवर लादून तो शेकडो मैलांवरच्या मिर्झापूरला, गंगेच्या काठी पोहोचत असे. ही वाहतूक करणारे तांडे बंजाऱ्यांचे. जाताना कापूस वा धान्य, येताना मीठ, असा त्यांचा फेरा. वाशीम जिल्ह्याच्या मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे या समाजाचे सर्वांत मोठे श्रद्धास्थान आहे. २०२४च्या ऑक्टोबरात तेथे बंजारा वारशाच्या संग्रहालयाचे उद्घाटन झाले. पुरवठा-साखळी हा शब्द ज्यांना नवा वाटतो, त्यांनी तांड्याची व्यवस्था एकदा समजून घ्यावी: नायकाचा शब्द, ठरलेल्या वाटा, ठरलेली मुक्कामाची ठिकाणे, आणि प्रत्येक मुक्कामावर होणारी देवघेव. मिठाची गोणी गावात उतरत असे आणि गावचे धान्य तांड्यावर चढत असे. दूरचा व्यापार आणि जवळची गरज या दोन गोष्टी एकाच वाटेवर चालत होत्या.

रेल्वेने ही वाट मोडली. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे मँचेस्टरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि सगळ्यांची नजर वऱ्हाडाकडे वळली. १८६७पर्यंत लोहमार्ग नागपूरला पोहोचला, १८७०मध्ये खामगावची शाखा सुरू झाली. मध्यप्रांत आणि वऱ्हाडासाठी ‘कॉटन कमिशनर’ नावाचा स्वतंत्र अधिकारी नेमला गेला. रिव्हेट-कार्नाक हे त्याचे नाव. त्याचे अहवाल वाचावेत. त्याची दृष्टी स्वच्छ आहे, आणि म्हणूनच ती वाचताना अस्वस्थता येते. कापूस बाहेर जाईल, त्याच गाड्यांतून विलायती कापड आत येईल, देशी विणकर मागे पडतील आणि ते हात शेतीकडे वळतील, हा हिशेब त्याने लपवलेला नाही. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाचे नावच अमरावतीवरून ‘ऊमरा’ असे पडले. गावाचे नाव एवढ्या दूर गेले, गावातला कोष्टी मात्र आपल्या मागापाशी बसून राहिला.

दूरच्या गिऱ्हाइकाची मुख्य तक्रार होती भेसळीची. कापसात सरकी, माती, पाणी मिसळले जाते, चांगल्यात वाईट घातले जाते, म्हणून मुंबई सरकारने १८६३मध्येच कापसातील लबाडीविरुद्ध कायदा केला होता. बाजारात लबाडी होती यात शंका नाही. पण ती एका बाजूची नव्हती. गाडी बाजारात आली की अडत्या आणि खरीददार रुमालाखाली एकमेकांची बोटे दाबून भाव ठरवीत. ज्याचा माल आहे तो कास्तकार शेजारी उभा, आणि त्यालाच भाव कळत नसे. मग तोलाई, हमाली, कडता, धर्मादाय अशा एकामागून एक वजावटी. धर्मादायाचा धर्म कोणता हे गाडीवाल्याला कोणी सांगत नसे. कित्येकदा जिनवर माल उतरल्यानंतर ‘नमुन्यासारखा माल नाही’ म्हणून ठरलेला भाव खाली ओढला जाई. बैल दमलेले, घर दहा-पंधरा कोसांवर, परत जाणे अशक्य. अशा वेळी हो म्हणण्यावाचून त्याच्यापुढे पर्याय कोणता असणार?

या पार्श्वभूमीवर हैदराबाद रेसिडेन्सीच्या हुकुमाखाली १८८६मध्ये कारंज्याचा बाजार नियंत्रित झाला, आणि १८९७मध्ये ‘वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायदा’ आला. बाजाराची हद्द, दलालांना परवाने, वजनमापांची तपासणी, दस्तुरीचे दर, देखरेखीसाठी समिती अशी त्याची रचना. पुढे देशभर जे बाजार-कायदे झाले त्यांचा सांगाडा येथे दिसतो. या कायद्याला नुसते साम्राज्यवादी कारस्थान म्हणून निकालात काढणे आम्हांला पटत नाही. उघड्या तराजूवर माल तोलला जाणे ही कास्तकाराच्या दृष्टीने लहान गोष्ट नव्हती. परंतु समिती कोणाची होती हे पाहावे लागते. तीवर व्यापारी होते, नगरपालिकेची माणसे होती; कापूस पिकवणाऱ्याला जागा नव्हती. उत्पादकांना समितीत स्थान देण्याचा विचार प्रत्यक्षात यायला १९२७चा मुंबईचा कापूस बाजार कायदा उजाडावा लागला. म्हणजे कारंज्यात जे स्वच्छ केले गेले ते गिरणीकडे जाणारे तोंड. तराजूची एक बाजू दुरुस्त झाली ती दुसऱ्या टोकाला बसलेल्या खरीददाराला खात्री हवी होती म्हणून.

त्याच १८८६ साली पुण्यात दुसरा एक बाजार उघडला. शुक्रवार पेठेतील रे मार्केट, म्हणजे आजची महात्मा फुले मंडई. गव्हर्नरच्या नावाची ती भव्य अष्टकोनी इमारत शहरातल्या खाणाऱ्यांसाठी होती: भाजी, फळे, रोजचा बाजारहाट. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुल्यांनी या इमारतीवरील खर्चाला विरोध केला होता. तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे म्हणणे होते. पुढे आचार्य अत्रे यांच्या पुढाकाराने त्याच मंडईला फुल्यांचे नाव मिळाले. हा विरोधाभास पुष्कळांनी नोंदवला आहे. आम्हांला त्यापेक्षा महत्त्वाचे वाटते ते असे, की फुल्यांचा मंडईविरोध आणि ‘शेतकऱ्याचा असूड’ (१८८३) हे सलग वाचले पाहिजेत. गाडीभर भाजीपाला घेऊन शहरात येणाऱ्या शेतकऱ्याची नाक्यावरची जकात, मग दलाली, आणि शेवटी रिकाम्या हातांनी परतणे, याचा हिशेब ‘असूडा’त आहे. शहरातल्या ग्राहकाला छप्पर मिळाल्याने शेतकऱ्याचा रस्ता सोपा होत नाही, हे त्यांना दिसत होते.

तेव्हा १८८६ची ही दोन दृश्ये अशी: कारंज्यात परदेशी गिरणीसाठी शिस्त लावलेला कापूसबाजार, पुण्यात शहरी ग्राहकासाठी बांधलेली मंडई. वऱ्हाडातल्या कास्तकाराला वऱ्हाडातल्याच खाणाऱ्याशी जोडणारी जी तिसरी जागा होती, तिच्याकडे मात्र ना कायद्याचे लक्ष गेले ना इमारतीचे. ती जागा म्हणजे आठवडी बाजार.

आठवडी बाजाराचा इतिहास लिहिणे कठीण आहे, कारण त्याचे दप्तर नाही. कापसाच्या गाठी मोजल्या गेल्या, त्यांचे वार्षिक आकडे छापले गेले. पण माळ्याच्या बाईने पाटीतून आणलेली मेथी, तिच्या बदल्यात कुणब्याने ओंजळभर दिलेली तूर, तेल्याच्या घाणीवरचे जवसाचे तेल, यांची नोंद कोण करणार? ती कुठे सापडते तर वाङ्मयात. महानुभावांच्या गद्यात तेराव्या शतकातील वऱ्हाड-मराठवाड्यातील माणसे काय खातात, कोणाकडून काय आणतात, हे सहज येऊन जाते. इतिहासकाराला जे दप्तर देत नाही ते येथे भाषेच्या अभ्यासकाकडून मिळू शकते, आणि हे काम आपल्या विद्यापीठांतून फारसे झालेले नाही. मराठी ग्रामीण कादंबरीविषयीही आमची एक तक्रार आहे. तिने पाऊस, जमीन, सावकार आणि भाऊबंदकी यांना भरपूर पाने दिली. माल विकायला नेलेला माणूस आणि तो विकत घेणारा माणूस यांच्यातील प्रत्यक्ष संवादाला त्या मानाने फार थोडी. सदानंद देशमुखांच्या ‘बारोमास’सारख्या (२००२) कादंबरीत शेजारच्या बुलढाण्याच्या शेतीची कोंडी सर्व अंगांनी येते, ती या बाबतीत अपवादाजवळ जाणारी.

मात्र आठवडी बाजार म्हणजे हरवलेला स्वर्ग नव्हे. त्रिंबक नारायण आत्रे यांचे ‘गावगाडा’ (१९१५) ज्यांनी वाचले आहे त्यांना खळ्यातल्या राशीवर किती हात पडत हे ठाऊक आहे. जवळचा ग्राहक हा अनेकदा सावकारही होता; त्याला धान्य ‘विकणे’ म्हणजे जुन्या कर्जाचे व्याज फेडणे. बाजारात कोणी कोठे बसावे हे जातीने ठरत होते, कोणाच्या हातचे काय घ्यावे हेही जातीनेच. स्थानिक म्हटले की आपोआप न्याय्य, हे समीकरण आजच्या उत्साही लेखनात फार सहज मांडले जाते. वऱ्हाडचा इतिहास त्याला दुजोरा देत नाही.

तरीही स्थानिक साखळी तुटली तेव्हा काय झाले हेही वऱ्हाडानेच पाहिले. कापसाने ज्वारीची जमीन घेतली. पैसा आला, आणि दुष्काळ आला तेव्हा पैसा होता तरी धान्य नव्हते. पुष्कळांजवळ तर दोन्ही नव्हते. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या दोन दुष्काळांत, ज्या प्रांताला सरकारी कागदपत्रे सुबत्तेचा म्हणत होती, तेथे माणसे मेली. लक्ष्मण सत्य या इतिहासकाराने १८५० ते १९०० या अर्धशतकातील वऱ्हाडच्या कापसाचा आणि दुष्काळाचा संबंध एका स्वतंत्र ग्रंथात तपशीलवार उलगडला आहे. बाजाराचा कायदा आणि पहिला दुष्काळ एकाच वर्षाच्या अंतराने यावेत, याचा उल्लेख पाठ्यपुस्तकातील त्या ओळीत नाही. कायद्याच्या नावात ‘कापूस व धान्य’ असे दोन शब्द आहेत खरे; पण धान्याच्या बाजूला कोणाची खात्री करून द्यायची होती, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही.

वऱ्हाडच्या शेजारी, वर्ध्यात, तो विचारला गेला. १९३४मध्ये अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि जे. सी. कुमारप्पा यांनी मगनवाडीत बसून तेलघाणी, हातसडीचे तांदूळ, गूळ यांचा हिशेब मांडला. जे जेथे पिकते त्यावरची पहिली प्रक्रिया तेथेच व्हावी आणि पहिले गिऱ्हाईक शेजारी असावे, हा त्या हिशेबाचा गाभा. पुढे शरद जोशी यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी ‘चतुरंग शेती’ची कल्पना मांडली, तिच्यातील एक अंग ‘माजघर शेती’ असे होते, म्हणजे घरच्या मालावर घरातच प्रक्रिया करून तो विकणे. कुमारप्पा बाजाराकडे संशयाने पाहणारे आणि जोशी खुल्या बाजाराचे कट्टर पुरस्कर्ते. दोघेही फिरून माजघरापाशीच आले, ही गोष्ट त्यांच्या अनुयायांनी एकमेकांना कधी सांगितलेली दिसत नाही.

स्वातंत्र्योत्तर कायद्यांविषयी थोडक्यात. महाराष्ट्राचा कृषि उत्पन्न पणन कायदा १९६३चा. त्याने शेतकऱ्याला बाजार समितीच्या आवारात कोंडले, ग्राहकाशी त्याचा संबंध तोडला, असे आज सर्रास म्हटले जाते. त्या कायद्याचे सहावे कलम काढून पाहावे. किरकोळ विक्री, स्वतः पिकवलेला माल विकणारा शेतकरी, आणि स्वतःच्या किंवा कुटुंबाच्या खाण्यासाठी घेणारा ग्राहक यांना बंधनातून सूट तेथे स्पष्ट शब्दांत दिलेली आहे. कायद्याने दार बंद केले नव्हते. दारापर्यंत जायचा रस्ता, ओटा, सावली, वजनकाटा यांची सोय कोणी केली नाही, एवढेच. घाऊक मालाला शेड, गोदामे आणि लिलावाचे ओटे मिळाले. स्वतःचा माल विकणाऱ्या बाईला गुजरीच्या कडेला पोत्यावर बसावे लागले. पंजाबात १९८७मध्ये ‘अपनी मंडी’, आंध्र आणि तमिळनाडूत १९९९मध्ये अनुक्रमे ‘रयतू बाजार’ आणि ‘उळवर संदै’ अशी शेतकऱ्यांच्या थेट विक्रीची ठिकाणे सरकारने उभी केली. महाराष्ट्राने फळे-भाजीपाला बाजार समितीच्या नियमनातून मुक्त केला तो २०१६मध्ये, आणि संत सावता माळी यांच्या नावाने शेतकरी आठवडे बाजारांचे अभियानही त्याच वर्षी आले. कांदा, मुळा, भाजी यांत विठाई पाहणाऱ्या संताचे नाव देण्यात औचित्य आहे. पण हे बाजार प्रामुख्याने पुण्या-मुंबईसारख्या शहरांत भरले, म्हणजे पुन्हा मंडईच्या बाजूने.

वाशीमचा प्रश्न वेगळा आहे. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला हा जिल्हा. त्याला मोठे शहर नाही, आणि गेल्या तीन-चार दशकांत त्याच्या शिवारावर सोयाबीन पसरले आहे. हे धान्य येथला माणूस जवळजवळ खात नाही. त्याचे तेल निघते, पेंड कोंबड्यांना जाते किंवा जहाजाने परदेशी. कापसाचीच ही दुसरी आवृत्ती. त्याचा अर्थ काय ते २०२१मध्ये दिसले. ऑगस्टात सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला; कुक्कुटपालन व्यवसायाच्या मागणीवरून केंद्र सरकारने १२ लाख टन जनुकीय-परिवर्तित सोयापेंड आयात करू दिली; नवे पीक बाजारात येईपर्यंत भाव निम्म्यावर आला होता. रिसोडच्या किंवा मालेगावच्या शेतकऱ्याने यांतले काहीच ठरवले नव्हते. २०२४-२५मध्ये हमीभाव ४,८९२ रुपये होता आणि बाजारातला भाव महिनोन्‌महिने त्याच्या खाली. १८८६मधला रुमाल आता दिसत नाही. भाव मोबाइलवर येतो, सर्वांना एकाच वेळी कळतो. तो का पडला हे मात्र तराजूपाशी उभ्या असलेल्या कोणालाच सांगता येत नाही.

आत्महत्याग्रस्त म्हणून २००६च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये ज्या सहा जिल्ह्यांची नावे आली त्यांत वाशीम होते. त्यानंतर आलेल्या ‘समन्वित कृषी विकास’ प्रकल्पाने, आणि मग शेतकरी उत्पादक कंपन्यांच्या योजनांनी, मूल्यसाखळी हा शब्द गावोगाव नेला. त्यांतले पुष्कळसे काम अजूनही दूरच्या खरीददाराकडे तोंड करून आहे, एवढेच की अडत्याच्या जागी कंपनी आली. आम्ही ते वाईट म्हणत नाही. पण त्याला स्थानिक साखळी म्हणू नये. कारंज्यावरून जाणारी मूर्तिजापूर-यवतमाळ ही छोटी ‘शकुंतला’ रेल्वे कापूस नेण्यासाठी बांधली गेली होती. गावकऱ्यांनी तिचा उपयोग बाजारहाटासाठी आणि सोयऱ्याधायऱ्यांकडे जाण्यासाठी केला. आता ती गाडी बंद आहे. दूरच्या बाजारासाठी बांधलेल्या वाटा जवळच्या कामाला आल्या तर त्या अशा, चोरून.

जवळच्या कामाचे उदाहरण म्हणून आम्ही तुरीकडे बोट दाखवू. वाशीमची तूर अकोल्याच्या डाळ मिलमध्ये जाते आणि तिची डाळ वाशीमच्या किराणा दुकानात परत येते. क्विंटलभर तुरीची डाळ साधारण सत्तर किलोच्या आसपास उतरते. चुरी आणि टरफल, म्हणजे गुरांचे खाद्य, मिलच्या दारातच राहते. पूर्वी हे काम घरी होत असे. उन्हाळा लागला की तूर भिजवायची, तेलपाण्याचा हात द्यायचा, उन्हात वाळवायची आणि जात्यावर भरडायची. जाते गेले, तसे ते श्रमही गेले, आणि त्या श्रमांसाठी कोणी हळहळू नये. ते सगळे बायकांच्या हातांनी होत होते. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने लहान डाळ मिल तयार केली, ‘पीकेव्ही मिनी डाळ मिल’ या नावाने ती विदर्भात ओळखली जाते, आणि बचतगटांनी व शेतकरी गटांनी ती घेतली. ती बहुधा भरडाईच्या मजुरीवर चालते. मार्च-एप्रिलात आसपासचे लोक घरची तूर घेऊन येतात, किलोमागे पैसे देतात, डाळ आणि चुरी दोन्ही घरी नेतात. वर्षाची डाळ बाजूला काढून जी उरते ती शेजारी, नात्यात, तालुक्याच्या गावी नोकरीला असलेल्या घरांत विकली जाते. घेणाऱ्याला शेत कोणाचे हे ठाऊक असते. या विक्रीची नोंद बाजार समितीच्या पुस्तकात होत नाही. सहाव्या कलमाप्रमाणे ती होण्याचे कारणही नाही.